काळ्या सुईस चुडा भरला, त्याची बखर

श्री. वाहत्यास वाट मिळो, थांबत्यास ओटा मिळो, आणि लिहिणारास शेवटापर्यंत शाई पुरो.

शके अठराशे पंच्याण्णव, प्रमादी नाम संवत्सर. ज्या सालाचे नावच चुकीवरून पडले त्यात चूक घडली यात नवल ते काय, ऐसे पुढे लोक बोलू लागले. परंतु संवत्सरे साठ आणि चुका अगणित, म्हणोन त्या बोलण्यास बखरकार मोजीत नाही. राज्य कोणते हे सांगावयाची मनाई आहे. टेकडीचे पायथ्यास दगडी इमारत, तीन मजले, जिन्यात सदा गंधकाचा वास, आणि आत पदार्थविज्ञानाचा कारभार, इतके समजले म्हणजे पुरे. गादीवर दामोदरपंत किंजवडेकर. विद्वान, मानी, आवाज खडा, चालणे ताठ. त्यांस अवघे 'सरकार' म्हणत आणि तेही त्यास ओ देत. चहा निवून आला तर ओठ न लावता परत पाठवीत, आणि शिष्याने आणलेला निकाल मनासारखा नसला तर तोही तसाच परत पाठवीत. गादी वीस वर्षांची, पण नाव राज्याच्या वेशीबाहेर गेले नव्हते, आणि हे शल्य सरकारांच्या उरात होते.

आता ज्या पदार्थापायी हे सर्व घडले त्याचे वर्तमान. साखर, कापूर, डांबर, नीळ, ही सेंद्रिय कुळे विजेस वाट देत नाहीत; वीज वाहावी ती तांब्यातून, चांदीतून, हा सृष्टीचा जुना दंडक. परंतु सरकारांनी दोन कुळे हेरली. एक दात्यांचे, रंगाने नारिंगी, त्याच्या रेणूस आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन जड होतो. दुसरे घेत्यांचे, रंगाने तांबूस, त्याच्या रेणूस परक्याचा इलेक्ट्रॉन हवासा वाटतो. दोन्ही रेणू ताटासारखे सपाट. ती कुळे एका द्रावणात भेटली म्हणजे दात्यांवर दाते आणि घेत्यांवर घेते अशा वेगवेगळ्या उतरंडी लागतात, आणि त्यांच्या काळ्या, चकचकीत सुया तयार होतात. आणि मौज अशी की दाता आपला इलेक्ट्रॉन पुरता देत नाही. पुरता दिला तर घेणारा तृप्त होऊन स्वस्थ बसेल, मुळीच न दिला तर देणारा स्वस्थ बसेल. अर्धामुर्धा दिला म्हणजे दोघांची तगमग होते, आणि त्या तगमगीतून उतरंडीच्या लांबीने वीज धावते, आडवी मात्र फारशी धावत नाही. सुई थंड करीत जावे तसतशी ती अधिक धावते. मग एक थंडी अशी येते की उतरंडीतले रेणू दोन दोन करून एकमेकांस चिकटतात, कडाक्याच्या दिवसांत माणसे जोडीजोडीने एका घोंगडीत शिरावी तसे, आणि जोड्या जमल्या की रांग मोडते व वीज जागच्या जागी थांबते. ती थंडी पार करूनही न थांबणारी सुई ज्याच्या घरी निपजेल त्याचे नाव साता समुद्रांपार जाणार, हे सरकारांस पक्के ठाऊक होते.

सुया पिकवण्याचे काम जनार्दन मिरीकर यांजकडे. वय अठ्ठावीस, अंगकाठी बारीक, बोलणे थोडे. डॉक्टर ही पदवी मिळवण्यास सहा वर्षे या राज्यात खपत होते आणि पदवी सुयांवर अडली होती. काचेच्या नळीस दोन बाहू, मध्ये पूल; एका बाहूत दाता, दुसऱ्यात घेता, आणि पुलावर दोघांची गाठ पडून सुई धरावयास पाच पाच आठवडे लागत. तितके दिवस मिरीकर दाराच्या कडीस फडके बांधून ठेवीत, आणि कोणी जिन्यात धावला तर रडवेले होत. सुई निपजे ती दोन-अडीच मिलीमीटर, केसासारखी, आणि फुंकरीने मोडेल ऐसी.

त्या सुईस तारा जोडणे हे खरे कसब. केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा, चांदीच्या लेपाने, सूक्ष्मदर्शकाखाली. बाहेरच्या दोन तारांतून वीज घालावी, त्यांस घालत्या म्हणत. आतल्या दोहोंतून विजेचा दाब मोजावा, त्यांस चाखत्या म्हणत. चाखत्यांस दाब जितका कमी लागेल तितकी सुई वाहती. परंतु विद्वानांचे हात म्हणजे विद्वानांचेच, चार सुयांतील तीन त्यांनी मोडाव्या. तेव्हा आठ वर्षांमागे सरकारांच्या कुटुंबाने संक्रांतीच्या आधी बाजारातून येऊन घरात गोष्ट काढली की महादू कासाराची बायको काय हात चालवते, माझ्या सुजलेल्या मनगटात अरुंद बांगड्या चढवल्या आणि मला कळलेसुद्धा नाही. सरकारांनी दुसरेच दिवशी त्या बाईस बोलावणे पाठविले. त्या द्वारकाबाई कोकीळ. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, पुष्कळ वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "एवढीशी नवरी, आणि हिला चुडा भरायचा होय?" तेव्हापासून त्या राज्यात सुईस नवरी म्हणू लागले आणि तारा जोडण्यास चुडा भरणे. लेप निघून तार सुटली तर सुटली न म्हणता बांगडी वाढली म्हणत. मोठमोठे पदवीधर ऐसे बोलत आणि हसत, आणि हसता हसता तो रिवाज होऊन बसला.

द्वारकाबाईंची रीत अशी. लेप ठिपक्याने न लावता सुईच्या सभोवार बांगडीसारखा फिरवावा, आणि बांगडी खालून मिटवण्यासाठी सुईस मधेच अर्धी कूस द्यावी. सुई हाती घेतली की म्हणावे, हात सैल सोड गं बाई. आठ वर्षांत त्यांच्या हातून अकरा सुया मोडल्या, आणि अकराही त्यांस एकेक करून आठवत. चहूकडून बांगडी का, याचा शास्त्रार्थ कोणी त्यांस सांगितला नव्हता. बांगडी अर्धी नसते, इतकेच त्यांस ठाऊक होते.

मग त्या साली श्रावणात मिरीकरांची एक सुई अशी निपजली की सरकार दिवसातून चार वेळा येऊन पाहून जात. आणि हेलियमचीही खबर आली. साधी थंडी म्हणजे द्रव नायट्रोजन, तो घरचा; पण तो केल्विनच्या मोजणीने सत्त्याहत्तर अंशांपर्यंतच नेतो. त्याखालचा मुलूख हेलियमचा, आणि तो परराज्यातून मागवावा लागे, आणि आल्यापासून दोन-तीन दिवसांत उडून जाई. ऐशी सर्व सिद्धता होत असता श्रावण वद्य नवमीस महादू कोकीळ दुकानाच्या फळीवर बसल्या जागी कलंडले आणि गेले. घरात मूलबाळ नव्हते. बायकांनी द्वारकाबाईंचा चुडा वाढविला. आणि चौदावे दिवशी, भाद्रपद शुद्ध सप्तमीस, हेलियमची टाकी वेशीत आली आणि सरकारांनी बाईंस आणावयास गाडी पाठविली.

द्वारकाबाई आल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतला होता. त्यांची मनगटे कोणी पाहिली नाहीत, आणि ज्यांनी पाहिली त्यांनी पाहिली नाहीत ऐसे केले. सरकार म्हणाले, वाईट झाले बाई, आणि त्याच दमात म्हणाले की टाकी परवापर्यंतच पुरेल. बाई खुर्चीवर बसल्या, सुई काचेवर घेतली, लेपात कुंचलीचा केस बुडविला, आणि हात थांबला. नवरीस चुडा सवाष्णीने भरावा, दादला गेलेल्या कासारणीने नवरीच्या मनगटास हात लावू नये, ही त्यांच्या माहेरची आणि सासरची दोन्हींकडली रीत. समोर काळी सुई आहे, नवरी नव्हे, हे त्यांच्या बुद्धीस कळत होते. हातास कळेना. आठ वर्षे ज्यांनी तिला नवरी म्हटले त्यांतला एकही जवळ येऊन म्हणाला नाही की बाई, हे थट्टेचे नाव आहे, तुम्ही खुशाल भरा. मग बाईंनी आपल्यापुरता तोडगा काढिला. बांगडी भरावयाची नाही, नुसता ठिपका द्यावयाचा. ठिपक्यास चुडा कोण म्हणेल? बाहेरच्या दोन तारांस दोन ठिपके दिले. आणि आठ वर्षांच्या सवयीने हाताने सुईस अर्धी कूस दिली, आणि आतल्या तारांचे दोन ठिपके सुईच्या दुसऱ्या अंगास बसले. हात सैल सोड, हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

यातील गोम अशी. बांगडी असती तर वीज सुईच्या सगळ्या अंगातून गेली असती आणि चाखत्यांनी तिचा खरा दाब घेतला असता. ठिपक्यातून शिरलेली वीज वरच्या अंगाच्या उतरंडींनीच धावली, कारण आडवे जाणे त्या पदार्थाच्या स्वभावात नाही. चाखत्या बसल्या पालथ्या अंगास. शेतात पाणी एका सरीतून चालले आहे आणि हात शेजारच्या कोरड्या सरीत घातला, तेव्हा हातास ओल कशी लागेल? चाखत्यांस काही लागले नाही, आणि काही न लागणे म्हणजे सुई अपार वाहती, ऐसे यंत्र बोलले.

तसेच झाले. सुई थंडीत उतरविली. दोनशे अंश, शंभर अंश, दाब उतरत चालला. साठ अंशांच्या चौकीपाशी, जेथे जोड्या जमून वीज थांबावी, तेथे यंत्राचा काटा पार शून्यास टेकला आणि तेथेच राहिला. मिरीकर आकडे वाचीत होते. सरकारांनी स्वतः काटा टिचकी मारून पाहिला, आणि मग वयाची साठी जवळ आली असता खुर्चीवर चढून उभे राहिले व म्हणाले, ही अतिवाहकता आहे. पेढे वाटले. दसऱ्यास सरकारांच्या दारी आपट्याची पाने घेऊन इतकी माणसे आली की पायऱ्या दिसेनात. साता समुद्रांपारच्या दरबारांस खलिते गेले, वर्तमानपत्रांत तसबिरी आल्या, आणि पादशाहीच्या नगरीहून पत्र आले की या राज्यास मोठा मान देण्याचा विचार चालू आहे. तसबिरीत सरकार मध्ये, मिरीकर उजवीकडे. द्वारकाबाईंस कोणी उभे राहावयास सांगितले नाही, आणि त्यांनाही त्या दिवसांत कोणापुढे उभे राहावेसे वाटत नव्हते.

चढत्या घोड्यास टाच लागत नाही, पण उतार लागला की लगामही पुरत नाही. मार्गशीर्षात खलित्यांची उत्तरे येऊ लागली. टोपीकरांच्या चार दरबारांनी तीच सुई पिकविली, त्याच थंडीत उतरविली, आणि चौघांनीही लिहिले की साठ अंशांपाशी आमची वीज थांबते. घरीही तेच. मिरीकरांच्या पुढच्या सुयांस बाईंनी ठिपकेच दिले, त्यांतली एक अपार वाहती निघे, दुसरी बेताची, तिसरी बोलेचना. सरकार मिरीकरांवर डाफरत आणि मिरीकर नळीपुढे बसून राहत. मग एका दरबाराचा खलिता आला, तो सरकारांनी सगळ्यांसमोर वाचून मराठीत सांगितला, की तुमच्या घालत्या आणि चाखत्या सुईच्या एकाच अंगास आहेत ना, लेप सभोवार आहे ना, एवढे कळवावे. सरकार हसले. म्हणाले, यांस काय ठाऊक, आमच्याकडे तारा कासारीण जोडते, आमच्या नवरीस चहूकडून चुडा भरलेला असतो. आणि तेच शब्द त्यांनी उत्तरात इंग्रजीत लिहविले. द्वारकाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले. श्रावणापासून आपण चुडा भरलाच नाही, आणि ज्याच्या जोरावर हे बोलतात ते त्या सुईवर नाही, हे त्यांस त्या घटकेस उमगले.

दुसरे दिवशी सकाळी त्या सरकारांच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतले, आणि काही न लपविता सांगितले.  सरकारांनी विचारले की हे आणखी कोणास ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, कोणासच नाही.

"मग ऐका," सरकार म्हणाले. "तुम्ही चुडाच भरला होता."

"नाही सरकार. ठिपके दिले."

"बाई, तुम्ही दुःखात होता. दुःखात माणसास काय केलं ते आठवत नाही. तुम्ही आठ वर्षं चुडा भरता, त्या दिवशीही चुडाच भरलात. आता घरी जा, चार दिवस विश्रांती घ्या."

बाई घरी गेल्या. खोटे बोला ऐसे सरकार म्हणाले नव्हते. बाईंचे खरे त्यांनी बाईंच्याच हातून काढून घेतले होते, आणि हे बाईंस खोट्याहून जास्त लागले. चार दिवस त्यांनी चूल धड पेटविली नाही. बोलावे तर पोटाचे एकुलते साधन जाते, कारण दुकान दिरांनी घेतले होते आणि विधवेच्या हातच्या बांगड्या भरावयास बाजारात कोण येणार. न बोलावे तर काय, हे तेव्हा त्यांस पुरते कळले नव्हते. ते माघात कळले.

माघात पादशाही नगरीहून तीन परीक्षक येणार ऐसे ठरले, कारण मान देण्याआधी आकडे खरे की मनचे, हे पाहणे आले. आणि राज्यात कुजबूज उठली की आकडे मिरीकरांनी घरी बसून रचले, पदवीच्या घाईने. ही कुजबूज कोठून उठली हे बखरकारास ठाऊक आहे, पण लिहीत नाही. सरकारांनी ती ऐकली आणि खोडली नाही, इतके लिहितो. उलट एकदोघांजवळ म्हणाले की सुई मिरीकरांची, वाचन मिरीकरांचे, आम्ही विश्वास ठेविला. मिरीकरांस बाहेर देशच्या एका विद्यापीठाने बोलावणे धाडले होते, ते त्या विद्यापीठाने थांबविले. मिरीकर जेवेनासे झाले. त्यांचे वडील मिरजेहून आले, मुलाच्या खोलीबाहेर बाकावर दोन दिवस बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास विचारीत की माझ्या मुलाने खोटे लिहिले ऐसे म्हणतात ते काय आहे. द्वारकाबाईंसही त्यांनी हेच विचारले.  महादू गेले त्या दिवशी तिरडीस खांदा द्यावयास राज्यातून एकच माणूस आला होता, आणि तो हा जनार्दन मिरीकर. अनवाणी आला होता आणि शेवटपर्यंत राहिला होता. त्याच्या बापास खोटे उत्तर देणे आणि खरे लपविणे, दोन्ही बाईंस सारखेच जड झाले, आणि त्या बाकाशेजारीच त्यांनी काय करावयाचे ते ठरविले.

माघ शुद्ध दशमीस दरबार भरला. लांब मेजाच्या एका अंगास तीन परीक्षक, समोर सरकार, कडेस मिरीकर. परीक्षकांत जे थोरले ते इंदूरकडचे, म्हणोन मराठी जाणत. मिरीकरांस उभे करून प्रश्न चालले होते, हा आकडा केव्हा वाचला, हा कोणी पाहिला, आणि मिरीकरांचे शब्द तुटत होते. तेव्हा द्वारकाबाई बोलावणे नसता आत गेल्या. सरकार म्हणाले, बाई, येथे काम चालू आहे. बाई थांबल्या नाहीत.

"यांनी काही रचलं नाही," त्या थोरल्या परीक्षकांस म्हणाल्या. "तारा मी जोडल्या. बांगडी नाही भरली, ठिपके दिले, आणि तेही दोन वरच्या अंगाला, दोन खालच्या. यंत्राने जे दाखवलं ते यांनी वाचलं."

थोरल्यांनी लेखणी खाली ठेविली. विचारले, आठ वर्षे बांगडी भरता, मग त्याच वेळी का नाही?  बाईंनी पदर सारून दोन्ही मनगटे मेजावर ठेविली.

"माझा माणूस जाऊन तेरा दिवस झाले होते. हे सगळे तिला नवरी म्हणतात. नवरीला मी कशी भरू?"

धाकट्या परीक्षकांपैकी एकास हे इंग्रजीत समजावून सांगावे लागले, आणि समजल्यावर त्यास हसू आवरेना. त्याने रुमाल तोंडास लाविला. दुसरा लिहीत राहिला. सरकार खिडकीकडे पाहत होते. थोरले हसले नाहीत. ते म्हणाले की बाई, बोलणे झाले, आता करून दाखवा. हेलियम आम्ही बरोबर आणले आहे, आमच्यासमोर बांगडी भरा.

मिरीकरांच्या नळीत एकच चांगली सुई उरली होती. ती काचेवर आली. बाई खुर्चीवर बसल्या, आणि पाच माणसे भोवती उभी राहिली. त्या दिवशी त्यांनी काय मोडले ते परीक्षकांस दिसले नाही. माहेरची रीत, सासरची रीत, नवऱ्यामागे राखलेले एकच व्रत, ते त्यांनी त्या खुर्चीवर परक्या पुरुषांसमोर मोडले, आणि एका माणसाचे नाव वाचावे म्हणून मोडले. चार बांगड्या भरल्या. सभोवार, मिटवून. वाटी बाजूस सारून त्या उठल्या.

मग सुई थंडीत उतरली. दोनशे अंश, शंभर अंश, सत्तर, वीज वाढत चालली, सुई तांब्याशी बरोबरी करू पाहणारी. साठ अंशांपाशी चढ संपला. आणि त्याखाली पाच-सहा अंशांतच रेणूंच्या जोड्या जमल्या, उतरंड मोडली, आणि वीज थांबली. पुढे कितीही थंडी घातली तरी सुई बोलली नाही. टोपीकरांचे चार दरबार खरे ठरले. यंत्राचा काटा पाहून सरकार खुर्चीत बसले, आणि त्यांचे वय त्या दिवशी प्रथमच त्यांच्या तोंडावर दिसले.

सरकार उठून आपल्या खोलीत गेले, आणि परीक्षक आतल्या खोलीत निर्णय लिहावयास गेले. जाताना थोरल्यांनी सांगितले की बाईंनी आज भरलेल्या बांगड्यांची आकृती वहीत काढून तिच्याखाली सही करावी. वही मिरीकरांची, रोजच्या प्रयोगाची; परीक्षकांनी तिच्यातले आकडे तपासले होते, चित्रे नव्हेत. बाईंस इंग्रजी येत नव्हते. आकडे, तारखा आणि चित्रे येत होती. कोरे पान शोधताना त्यांच्या हाताखाली भाद्रपदातल्या त्या दिवसाचे पान आले. वर तारीख. खाली मिरीकरांच्या रेखीव हाताने काढलेली सुई. आणि सुईवर चार ठिपके, दोन वरच्या अंगास, दोन खालच्या, तुटक रेघेने दाखविलेले. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेले, त्याच दिवशी, सुई थंडीत उतरविण्याआधी.

बाईंनी वर पाहिले. खोलीत दोघेच होती. मिरीकरांनी पान पाहिले, आणि बाईंनी पाहिले हेही पाहिले.

"पुढच्या सुईने तोच आकडा दिला असता," ते हळू म्हणाले, "तर सांगायला काही उरलंच नसतं. मग त्याच्या पुढच्या सुईची वाट पाहिली. मग सांगायचं राहून गेलं."

बाई पुष्कळ वेळ त्या चित्राकडे पाहत होत्या. बारीक काम होते. ठिपक्यांची जागा केसाइतकीही चुकली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन हे पान थोरल्यांपुढे धरावे, इतकेच करणे होते, आणि दार चार पावलांवर होते.

"भाऊ, तुमचे वडील बाहेर बसलेत," बाई म्हणाल्या. "त्यांना आत बोलवा आणि पाणी द्या. सकाळपासून काही घेतलेलं नाही त्यांनी." मग त्यांनी पान उलटले, कोऱ्या पानावर चार बांगड्यांची आकृती काढिली, खाली मराठीत सही केली, आणि वही मिटली.

निर्णय दोन ओळींचा झाला. निकाल मागे घ्यावा. चूक कारागिराच्या हातची, विद्वानांचा हेतू निर्दोष. सरकारांची गादी राहिली. तो मान दुसऱ्या राज्यास गेला, पण अपमानही टळला, आणि सरकार पुढे व्याख्यानांत सांगत की मोठ्या प्रयोगास लहान हात लावू देऊ नयेत. मिरीकरांस चैत्रात पदवी मिळाली आणि ज्येष्ठात ते विमानाने गेले. द्वारकाबाईंस फाल्गुनात निरोप मिळाला. त्यांनी जाताना केसांची कुंचली आणि लेपाची वाटी धुऊन जागेवर ठेविली, आणि पुढे कोठे गेल्या, कोणाच्या घरी राहिल्या, याचा कागद या दप्तरात नाही.

एणेप्रमाणे काळ्या सुईचे वर्तमान. सेंद्रिय पदार्थातून वीज वाहते, थंडीत वाढते, आणि जोड्या जमल्या की थांबते, हे आता सर्व राज्यांत मान्य आहे. मिरीकर साता समुद्रांपार मोठे आचार्य झाले. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकास ते पहिल्या दिवशी सांगतात की लेप सभोवार द्यावा, अर्धा कधी देऊ नये, आणि या रीतीस ते आपल्या मुलखातला एक शब्द वापरतात, तो तिकडची मुले वाकड्या उच्चाराने म्हणतात, चुडा. शब्द कोणाचा, हे एकदा एका मुलीने विचारले. आचार्य म्हणाले, तो जुना आहे, कोणाचाच नाही.